चिलयाला हाक

श्रियाळ राजाच्या दारातून पाहुणा कधी उपाशी गेला नाही.

शेवगावच्या बाजारात विड्याची ताजी पानं दुपारनंतर मिळत नाहीत.

सृष्टीच्या फ्रॉकचं एक बटण तुटलंय.

लंकाबाईंना डेंग्यू झाला.

हे सगळं सुटं सुटंच राहिलं असतं. पण श्रावणातल्या षष्ठीला गावच्या महादेवासमोर श्रियाळाची कथा लागते, आणि ती मध्येच सोडायची नाही असा नेम आहे. जोगी होऊन आलेल्या शंकराने राजाचा एकुलता एक मुलगा चिलया ताटात मागितला. राजाराणीने तो कापून, रांधून वाढला. मग जोगी म्हणाला, आता पोराला हाक मारा, त्याच्याशिवाय मी जेवत नाही. इथे कथा सांगणाऱ्याच्या घरच्या बाईने देवळाच्या दारात जाऊन तीन हाका मारायच्या. बाहेर लपलेलं लेकरू धावत येतं. तोवर कुणी उठायचं नाही.

कथा सांगणाऱ्या नृसिंहशास्त्र्यांचा मुलगा वरद गेल्यापासून दोन वर्षं त्यांच्या बायकोऐवजी, प्रेमलाऐवजी, भावजय लंकाबाई हाक मारत; यंदा त्या तापाने पडलेल्या. पाहुण्यांसाठी पानं आणायला निघालेला तो पोरगा उसाच्या ट्रॅक्टरखाली आला, हे गावाला ठाऊक होतं.

"काकू, उठा की," छगन प्रेमलाला दबक्या आवाजात म्हणाला. "माझी सृष्टी कवाची भाईर हुबी हाय. डासांनी फोडून काढलं आसंल तिला."

"का औंदा चिलयाला मेलेलाच ठिवायचा?" बनुबाई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

प्रेमला हलली नाही. पोथीमागे बसलेल्या नवऱ्याकडे बघत म्हणाली, "पोर द्यायला राजा पुढे होता. हाकही राजानंच मारावी."

नृसिंहशास्त्री पोथी उघडीच ठेवून दारात गेले.

"चिलया, ये."

पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदाही.

कुणी आलं नाही. बाईची हाक आली की पळत ये, एवढंच सृष्टीला सांगून ठेवलेलं.

शास्त्री पाठमोरे उभेच राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले तशी प्रेमला उठली, त्यांच्या शेजारी गेली. तिची हाक अशी निघाली की मागच्या बायांनी पदर तोंडाला लावले.

सृष्टी धावत आली. रिवाजाप्रमाणे प्रेमलाने तिला मांडीवर घेऊन पहिला घास भरवला. बटण तुटलेल्या फ्रॉकात पोरीचं अंग घामेजलेलं होतं, जड होतं.

"आदी काका वरडत हुते," ती घास चावत म्हणाली. "मी न्हाई आले."

"बरोबर केलंस."

वरद गेला त्या दुपारी नृसिंहशास्त्री आत झोपले होते. वरदला पानं आणायला प्रेमलाने पाठवलं होतं.