उलांडीवर दोन बहिणी

कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावरच्या विंडवर्ड गावात ऍल्स्टन कॉम्प्टनने आजवर एकवीस होड्या बांधल्या, पण बोलणी खाल्ली ती एका पिवळ्या प्लास्टिकच्या कयाकपायी. कुणी फ्रेंच पाहुणा जाताना ती त्याच्या अंगणात टाकून गेला होता. ऍल्स्टनने तिला शीड चढवलं, तर गाव म्हणालं, "बाथटबला चादर लावलीस."

बायको क्लोरिसचं बिनसलं ते वेगळ्याच कारणाने. "ह्यात मी बसायचं कुठे?"

कयाकमधली जागा एका माणसाची, तीही बारीक माणसाची. क्लोरिस बारीक नव्हती.

मग ऍल्स्टनने दोन्ही अंगांना उलांड्या लावल्या. दोन लांब आडवे बांबू, आणि टोकांना पाण्यावर तरंगणारे हलक्या लाकडाचे ओंडके. वाळवी लागलेला एक बाक चर्चने फेकून दिला होता. त्याचा धड भाग कापून त्याने बांबूंवर दोन आसनं बांधली, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाद्रीबाबा बघून गेले. म्हणाले, "चला, ह्या बाकावर आता कुणी झोपणार नाही."

क्लोरिस उजव्या आसनावर बसली. तिच्याखालची उलांडी मुकाट्याने बुडाली, डावीकडची हवेत गेली, आणि कयाक शेपटीमागे फिरणाऱ्या कुत्र्यासारखी जागच्या जागी गरगरली.

"पलीकडे वजन पाहिजे," ऍल्स्टन म्हणाला.

"दगड ठेव."

"तुझ्याएवढा दगड आणू कुठून?"

पुढचे दोन दिवस त्याने आपले मासे आपणच तळले.

क्लोरिसच्या तोलाचं गावात एकच माणूस होतं, तिची धाकटी बहीण झेल्मा. दोघींचं बोलणं चार वर्षं बंद. बापाच्या अंत्यविधीत क्लोरिस गायली, तेव्हा झेल्मा शेजारणीच्या कानात म्हणाली होती, "पप्पा आधीच गेले ते बरं झालं." झेल्माची कुजबुज धक्क्यापर्यंत ऐकू जाते.

रविवारी खाडीच्या दुसऱ्या टोकाला मावसभावाकडे बारशाचं जेवण होतं. ऍल्स्टनने दोघींनाही विचारलं. क्लोरिसला नको असणार, म्हणून झेल्मा हो म्हणाली. आणि नाही म्हटलं तर झेल्माचं फावेल, म्हणून क्लोरिसही.

चर्च सुटल्यावर दोघी टोप्यांसकट चढल्या. मधोमध ऍल्स्टन. कयाक इतकी सरळ चालली की त्याला स्वतःचाच हेवा वाटला.

"तिला सांग, पाय आत घे. माझ्यावर पाणी उडतंय," क्लोरिस म्हणाली.

"तिला सांग, समुद्र आहे हा," झेल्मा म्हणाली.

"सांगितलं," ऍल्स्टन दोघींना म्हणाला.

तेवढ्यात वारा भरला. शीड ताणलं, डावी उलांडी पाण्याखाली जाऊ लागली. "झेल्मा, उजवीकडे ये. लवकर."

झेल्मा त्याच्या मांडीवरून, खरं तर त्याच्या पोटावरून, रांगत पलीकडे गेली आणि बहिणीला खेटून बसली. कयाक सावरली. क्षणभर तिघांनाही बरं वाटलं. मग आसनाची दोरी सुटली आणि दोघी पाठोपाठ पाण्यात गेल्या.

हलकी झालेली कयाक सुसाट सुटली. शीड उतरवून, वल्हं मारत मागे यायला ऍल्स्टनला पाव तास लागला. पाणी कमरेएवढंच होतं. दोघी समोरासमोर उभ्या होत्या, टोप्या भिजून कानांवर आलेल्या.

"गाठ कुणी मारली होती?" झेल्मा विचारत होती.

"ह्यानेच. एकवीस होड्या बांधल्यात म्हणे."

"तरंगतात का त्या?"

दोघी हसल्या. मग झेल्मा म्हणाली, "पण त्या दिवशी तू खरंच वाईट गायलीस."

"माहीत आहे. रडू आवरत होते ना."

झेल्माने बहिणीच्या टोपीत अडकलेलं शेवाळ काढलं आणि पाण्यात टाकलं.

"बसा, मी हळू नेतो," ऍल्स्टन म्हणाला.

"तू बस," क्लोरिस म्हणाली. झगे कमरेशी गोळा करून, एकमेकींचा हात धरून त्या किनाऱ्याकडे चालू लागल्या. मागून तो कयाक ओढत निघाला.

मावसभावाकडे दोघींना कोरडे कपडे मिळाले आणि खेकड्याचा रस्सा पहिल्या पंगतीत मिळाला. ऍल्स्टनला वाढायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. दारात ओल्या विजारीत बसून तो आतली बडबड ऐकत राहिला, आणि भूक लागली असूनही त्याने हाक मारली नाही.