‘निर्जीव’ पाटी कुणाच्या गळ्यात?

मी ‘निर्जीव’ बोलतेय. म्हणजे तशी मी साधी पुठ्ठ्याची पाटी, आणि माझ्यावर तेवढा एकच शब्द लिहिलाय. निर्जीवानं बोलू नये हे मलाही कळतं. पण आमच्या उत्तराबाईंचंच बघा ना. पहिल्या तासाला त्या मराठी शिकवायच्या आणि ‘मी छत्री बोलतेय’ असं लिहून आणलं की दहापैकी आठ गुण द्यायच्या. चौथ्या तासाला त्याच बाई विज्ञान शिकवायच्या आणि छत्री बोलते म्हटलं की शून्य. तेव्हा माझी ही कहाणी पहिल्या तासाची समजा.

माझा जन्म १९९६ सालच्या दिवाळीनंतरचा. नाशकात मखमलाबादच्या वाटेवर, एका अंगाला नव्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला झेंडूचे मळे, अशा सांध्यावर आमची शाळा होती. बाईंना भावानं भाऊबीजेची साडी घेतली. साडी बाईंनी नेसली, खोकं शाळेत आलं. कात्रीनं त्याचे दोन तुकडे झाले. एकावर हिरव्या रंगात ‘सजीव’ लिहिलं, ती माझी बहीण. माझ्या वाट्याला काळा रंग आला. दोघींना भोकं पाडून सुतळी ओवली. एकाच खोक्याच्या आम्ही, पण तिच्याकडे बघून लोक हसायचे आणि माझ्याकडे बघून घसा खाकरायचे.

पाचवीला ‘परिसंस्था’ नावाचा धडा होता आणि पुढच्याच आठवड्यात साहेब तपासणीला येणार होते. बाईंनी ठरवलं, धडा वाचायचा नाही, करून दाखवायचा. मुलांनीच गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार व्हायचं आणि मुलांनीच ऊन, वारा, पाणी, माती, दगड. सजीवांची एक रांग, निर्जीवांची दुसरी, आणि रांगेतल्या पहिल्याच्या गळ्यात पाटी. कल्पना झकास होती. फक्त ती मुलांनी घरी जाऊन सांगितली.

दुसऱ्या दिवशी पालकांची रीघ लागली. साप व्हायला कुणाची हरकत नव्हती. एकजण आनंदानं शेवाळ झाला होता. पण निर्जीव? विहंगचे वडील म्हणाले, “बाई, आमच्या घरात आजवर कुणी असं झालेलं नाही.” उन्हाचे वडील एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात कामाला. ते हात जोडून म्हणाले, “दिवसभर मी राखेतच असतो हो. पोरगं तरी जिवंत राहू द्या.” आभाच्या आईनं चिठ्ठी पाठवली, ‘आभाला सर्दी आहे, तरी तिला वारा करू नये.’ बाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि पाणी प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी सजीवांच्या रांगेत अठ्ठेचाळीस मुलं आणि निर्जीवांच्या रांगेत एक. नुसत्या घारीच अकरा झाल्या, त्यांना खायला साप एकटाच. तो बिचारा आदल्या रात्रीपासून जेवला नव्हता म्हणे.

निर्जीवांच्या रांगेतली ती एकटी म्हणजे रूपाली. पलीकडच्या मळ्यातल्या ठमाबाईंची नात. ही पोर वर्गात कधी बोलली नाही. हजेरीला ‘हजर’सुद्धा म्हणायची नाही, नुसता हात वर करायची. दगडाला वाक्य नसतं म्हणून बाईंनी तिला दगड केलं, आणि बोलावं लागणार नाही म्हणून ती खूश झाली. बाईंनी मला तिच्या गळ्यात अडकवलं. मी तिच्या छातीवर टेकले आणि दचकलेच. आतून धडधड, धडधड. अख्ख्या वर्गात तिचंच काळीज सगळ्यांत जास्त जोरात उडत होतं, आणि वर मी ‘निर्जीव’ म्हणून मिरवत होते. मला स्वतःची लाज वाटली.

शाळा सुटली तरी तिनं मला काढलं नाही. तशीच मळ्यात गेली. ठमाबाईंना वाचता येत नव्हतं. नातीच्या गळ्यात पाटी पाहून त्यांना वाटलं, पोरीचा नंबर आला! त्यांनी पदरानं मला पुसलं, पोरीची दृष्ट काढली आणि तिला घेऊन घरोघर दाखवायला निघाल्या. चार घरं कौतुक झालं. पाचव्या घरी चिमणाबाईंची सातवी शिकलेली सून होती. तिनं मला वाचून दाखवलं, वर अर्थही सांगितला. चटका बसावा तसा ठमाबाईंचा हात माझ्यावरून मागे गेला.

दुसरा दिवस तपासणीचा. साहेब अकराला येणार होते, ठमाबाई दहालाच आल्या. एका हातात नात, दुसऱ्या हातात मी, कमरेला खुरपं.

“बाई, ही जन्मली तवा रडली नाय,” त्या म्हणाल्या. “सुईणीनं मेली म्हणून सुपात घालून बाजूला ठिवली. म्या उचलली, पाठीत थापट्या मारल्या, तवा कुठं रडली. अन् तुमी पुन्ना तेच तिच्या गळ्यात घालता? आजपासून हिची शाळा बंद. फुलं तोडायला लय जिवंत हाय ती.”

रूपालीनं मान खाली घातली. तिचं दप्तर त्यांनी आधीच घरी ठेवून घेतलं होतं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांची भीती तर होतीच, पण डोळे भरले ते साहेबांसाठी नव्हेत, एवढं मी जवळून पाहिलंय. “आजी, तो नुसता धडा आहे हो. निर्जीव म्हणजे वाईट नाही. आता ही माती बघा, तीही निर्जीवच.”

“माती?” ठमाबाईंनी खुरपं काढलं. शाळेच्या जास्वंदीखाली दोन घाव घातले. चार गांडुळं, एक वाळवीची राणी वाटावी अशी जाड अळी आणि मुंग्यांची पलटण बाहेर आली. “घाला पाटी. कुनाच्या गळ्यात घालता?”

बाईंनी कुंपणाजवळचा दगड दाखवला. ठमाबाईंनी त्याच्यावरची राखाडी पापडी नखानं उचकटली. “हे दगडफूल. मसाल्यात घालतो आमी. उगवलंय का नाय?” दगड उलटला, तर खाली विंचू आपल्या पिल्लांना पाठीवर घेऊन बसलेला. मी त्याच्या गळ्यात जायला तयार नव्हते.

“मग पाणी घ्या,” बाई हट्टाला पेटल्या. शिपाई झुंबरनं टाकीचं झाकण उघडलं. पाण्यात डासांच्या अळ्या कवायत करत होत्या. “कालच धुतली होती, बाई,” झुंबर म्हणाला आणि त्यानं झाकण पुन्हा लावलं.

बाई वाफ्याच्या कडेला मटकन बसल्या. “आजी, बावीस वर्षं शिकवतेय. माती निर्जीव, तिच्यातले किडे सजीव, हे पुस्तकात बरोबरच आहे. पण एकातून दुसरं वेगळं काढता येत नाही, हे मी कधी उकरून पाहिलं नाही.”

“माज्याबरोबर मळ्यात आला असता तर म्या दावलं असतं,” ठमाबाई म्हणाल्या. आवाज जरा उतरला होता. पण नातीचा हात त्यांनी सोडला नाही.

एवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. एकच धावपळ झाली. अकरा घारी वर्गात शिरल्या, सापानं रडायला सुरुवात केली आणि त्या गोंधळात आजीच्या हातातून मला घेऊन रूपाली पळाली. थेट निर्जीवांच्या रांगेत जाऊन उभी राहिली, मला गळ्यात घालून. ठमाबाई खिडकीशी आल्या.

साहेब आले. अठ्ठेचाळीस सजीव बघून त्यांनी मान डोलावली आणि मग एकटीच उभी असलेली पोर पाहून विचारलं, “बाळ, तू कोण?”

बाईंनी डोळे मिटले. हिला वाक्य दिलेलंच नव्हतं.

“मी दगड,” रूपाली म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तोही पाठीमागून, छातीतून. “माझ्यावर दगडफूल हाय. माझ्याखाली विंचवीन हाय, तिची पिल्लं हायेत. मी हालले तर त्यांनी कुठं जायचं? म्हणून ही पाटी माझ्या एकटीची नाय, साहेब.”

असं म्हणून तिनं मला गळ्यातून काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. ती मला बाईंकडे देणार होती. पण मध्ये साहेब होते. आणि साहेबांची तीस वर्षांची सवय! शाळेतली मुलगी, दोन हातांत धरलेला दोरा, म्हणजे हार. (खरा हार झुंबर टाकीच्या नादात आणायला विसरला होता.) साहेबांनी अदबीनं मान वाकवली. रूपाली हारांच्या घरात वाढलेली. मान वाकली की हार घालायचा, एवढं तिच्या हाताला पाठ. तिनं मला साहेबांच्या गळ्यात घातलं.

मुलांनी शिकवल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला. साहेबांनी हात जोडले, पाहुणे हार काढतात तसं मला लगेच काढून टेबलावर पालथं ठेवलं आणि न वाचताच खुर्चीत बसले. जाताना शेरेबुकात लिहून गेले, ‘पाठ जिवंत वाटला.’

खिडकीत ठमाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. हसता हसता रडायला लागल्या. “बाई, पोरगी बोलली,” त्या म्हणाल्या. “मी दप्तर घेऊन येते. पर ही अवदसा पुन्ना तिच्या गळ्यात नको.”

अवदसा म्हणजे मी. मला राग नाही आला.

तो फोटो तीन वर्षं ऑफिसात चौकटीत होता. पुढे कुणीतरी चष्मा लावून वाचला आणि चौकट उतरली. माझ्या बहिणीला बाईंनी प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं. मी कपाटात गेले, नकाशांच्या मागे. बाई निवृत्त झाल्या. एक पावसाळा गळक्या कपाटात काढला आणि मला वाळवी लागली.

२००८ साली एक मुलगी डीएडच्या सरावपाठाला शाळेत आली. तिनं कपाट उघडलं, मला उचललं, तर माझ्या कडेतून पांढरे किडे भरभर खाली पडले. झुंबर आता पिकला होता. म्हणाला, “टाका, रूपालीबाई, जाळून टाकतो.”

“जाळता कशाला? आत केवढं गाव वसलंय,” ती म्हणाली. आता तिला वाक्य द्यावं लागत नव्हतं. तिनं मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि छातीशी धरून मळ्यात आणलं. धडधड तीच होती. मी ओळखली.

ठमाबाई बाजेवर बसून होत्या. त्यांनी मला चाचपलं. “ही ती व्हय? कागूदच हाय, कुजंल.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला खताच्या खड्ड्यात सोडलं. वरून शेणाची पाटी रिकामी झाली.

सध्या मी इथेच आहे. माझा काळा रंग सुटतोय, कोपरे गांडुळांनी नेले. माझी बहीण ‘सजीव’ अजून वर्गात टांगलेली आहे, अगदी नवीकोरी. तिला कुणी खात नाही, बिचारीला. माझं एवढंच मागणं आहे, तिचं प्लास्टिक कुणीतरी कापा हो.

मला आता फार दिवस बोलता येणार नाही. पावसाळ्यात हे खत झेंडूला पडेल. दसऱ्याला कुणी तुमच्या गळ्यात हार घालायला आलं, तर मान वाकवा, बेलाशक वाकवा. त्यात मी असेन, आणि माझ्यावर वाचण्यासारखं काही नसेल.