ओळख दाखवायची नाही

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या कमळाकर म्हात्रेच्या घरात कुठल्याही गोष्टीला सरळ नकार मिळत नसे. कमळाकर कंपनीत सुपरवायझर होता आणि सुपरवायझर माणूस नाही म्हणत नाही, अट घालतो. दिपिकाला बारावीला चांगले मार्क पडले, ठाण्याला फार्मसीला नंबर लागला, मुलींच्या हॉस्टेलचं पत्रही आलं. कमळाकरनं ते दोनदा वाचलं, होती तशी घडी घातली आणि म्हणाला, "जाऊ दे की. माझी ना नाय. पण पोरीला बाहेरचं काय कळतं? रोह्याच्या बाजारात जायचं तर आईचा पदर लागतो. कळायला लागली का पाठवू."

"कवा कळंल?" शकूनं विचारलं.

"ते तू बघ. पोरीला शिकवायचं काम आईचं."

लग्नाला वीस वर्षं होऊनही शकू नवऱ्याचं बोलणं शब्दशः घेत असे. तिनं मनावर घेतलं.

तिला स्वतःला सासरी धाडण्याआधी तिच्या आईनं तीन गोष्टी शिकवल्या होत्या. तांदळाची भाकरी पातळ थापणं, खाडीची मासळी निवडणं आणि कुणी विचारल्याशिवाय तोंड न उघडणं. तिन्ही उपयोगी पडल्या, तिसरी जरा जास्तच. पण ठाण्याला त्यातली एकही चालणार नव्हती. मग शकूनं नव्यानं सुरुवात केली. उडालेल्या फ्यूजची तार कशी बदलायची, कुकरची शिट्टी अडकली तर काय करायचं, फॉर्म मोठ्या अक्षरात कसा भरायचा. यातलं निम्मं तिनं आधी स्वतः शेजारच्या मास्तरीणबाईंकडून शिकून घेतलं. घरातलं आठ दिवसांत उरकलं. बाहेरचं राहिलं, आणि बाहेरचं घरात बसून शिकवता येत नाही.

श्रावणातल्या एका शुक्रवारी ती कमळाकरला म्हणाली, "दिपीला घेऊन निडीला बहिणीकडं जाऊन येते."

"जा," तो पेपरातून म्हणाला.

जायचं होतं पेणला. खरं सांगितलं असतं तर तोही आला असता, आणि तो आला की तिकीट त्यानंच काढलं असतं.

रोह्याच्या स्टँडवर शकूनं नियम सांगितले. "तू एकटी हायस. मी तुझी कुणी नाय. तिकीट तू काढायचं, पेणला तू उतरायचं, पोस्टात जाऊन हॉस्टेलच्या पत्राचं उत्तर रजिस्टर करायचं, एसटीडीवरनं त्यांना फोन लावायचा. मग हॉटेलात बसून खायचं. आत पडद्याआड नाय, बाहेर, चारचौघांत."

"आणि काय झालं तर?"

"काय व्हायचं ते होऊ दे. माझ्याकडं बघायचं नाय. ओळख दाखवायची नाय. परतताना वडखळ आलं का परीक्षा संपली, मग माझ्याजवळ येऊन बस."

"नापास झाले तर?"

"तर बस तिथंच. तुझा बाप म्हणतोच हाय."

दिपिका पुढे तिसऱ्या सीटवर बसली, शकू मागे, पाच माणसं सोडून, छत्री मांडीवर घेऊन. निडी मागे पडली. नागोठण्याला एक जाडजूड गृहस्थ चढले आणि मोकळी सीट सोडून दिपिकाच्या शेजारी बसले. गाडी डावीकडे वळली की ते डावीकडे, उजवीकडे वळली तरी डावीकडेच. दिपिकाची मान मागे वळली. शकूनं छत्रीची मूठ घट्ट धरली आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर भातशेतीखेरीज काही नव्हतं. ते तिनं इतकं लक्ष देऊन बघितलं की जणू शेत तिचं होतं.

मग अख्ख्या गाडीला ऐकू गेलं, "अवो काका, मागं सीट रिकामी हाय. तिकडं बसा. तुम्हाला जागा पुरत नाय."

काका मागे आले ते नेमके शकूच्या शेजारी. "आजकालच्या पोरी," ते म्हणाले. "आईबापांनी काय शिकवलं का नाय कोण जाणे."

"नसंल," शकू म्हणाली. तेवढ्या वाक्यासाठी तिला वीस वर्षं जगल्याचं सार्थक वाटलं.

पेणला सगळं ठरल्यासारखं झालं. पोस्टातला कारकून "उद्या या" म्हणाला, तर दिपिका "आज किती वाजेपर्यंत चालू हाय ते सांगा, मी थांबते" म्हणून बाकावर बसली. दहा मिनिटांत त्यालाच तिच्याकडे बघवेना आणि पावती मिळाली. फोनही लागला. हॉस्टेलच्या बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत या, खोली धरून ठेवते. काचेच्या खोलीतून बाहेर आलेल्या मुलीचा चेहरा शकूनं रस्त्यापलीकडून पाहिला. आनंदाच्या भरात दिपिका तिच्या इतक्या जवळून गेली की पदराला पदर लागला, पण ओळख दाखवली नाही. पोर हुशार होती.

हॉटेलात दिपिका मधल्या टेबलावर बसली, शकू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर आरसा होता, त्यात सगळं दिसत होतं. दिपिकानं मिसळ मागवली, दही आंबट होतं ते बदलून आणायला लावलं. गर्दी झाली तसा एक कॉलेजचा पोरगा तिच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसला आणि पाण्याचा जग मागितला. तिनं दिला.

तेवढ्यात शकूच्या मागून आवाज आला, "बाई, ही खुर्ची नेऊ का?"

आवाज कान्हूचा. कमळाकरचा चुलतभाऊ. गल्लीतल्या सगळ्या घरांचे गणपती पेणहून ठरवून आणायचं काम दर वर्षी तो अंगावर घेई, कारण कारखान्यांतून हिंडताना चार ठिकाणी चहा होतो. शकूचा हात आपोआप पदराकडे गेला. तिनं तो पुढे ओढला आणि पायानंच खुर्ची मागे सरकवली. कान्हूनं उचलली. पंधरा वर्षं तो दर रविवारी तिच्या हातचं जेवत होता. हाताच्या वर काय असतं ते बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

मग आरशात त्याची मान मधल्या टेबलाकडे वळलेली दिसली. दिपिका, समोर पोरगा, मध्ये पाण्याचा जग. कान्हूनं चहा न संपवता कप खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. तो निघून गेला.

आत्ता उठावं, हाक मारावी, असं शकूला वाटलं. पण नियम तिचाच होता. नियम मोडू नये, अशी तिनं मनाची समजूत घातली. भीतीला नियम म्हटलं की बरं वाटतं.

वडखळला दिपिका धावत मागे आली, आईला खेटून बसली. "पास?"

"पास गो माझे बाय," शकू म्हणाली. कान्हूचं तिनं सांगितलं नाही.

संध्याकाळी कान्हू ओटीवर हजर. "वयनी, चहा टाका," त्यानं आत बघून सांगितलं आणि कमळाकरला म्हणाला, "दादा, राग नको मानू. दिपी पेणला काय करीत होती?"

"पेणला? ती तर निडीला होती, आईसंगं."

"मी या डोळ्यांनी बघितली. हॉटेलात, भर बाजारात एकटी. एकटी तरी कशाला म्हणू, समोर पोरगा होता."

कमळाकरनं आवाज चढवला नाही. सुपरवायझरला गरज नसते. "शकू, तू निडीला होतीस ना?"

चहाचं आधण उकळत होतं. पोस्टातल्या कारकुनाला काय सांगायचं, अंगावर येणाऱ्याला काय सुनवायचं, हे तिनं पोरीला शिकवलं होतं. मी तिथंच होते, कोपऱ्यातली बाई मी, तुम्ही माझीच खुर्ची नेलीत, एवढी तीन वाक्यं होती. दिपिका दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती.

शकूनं आधणात चहाची पूड टाकली. "व्हय," ती म्हणाली.

दिपिकानं मान वळवली. "आई निडीलाच होती. मावशीकडनं मी निसटले. एकटीच गेले होते."

पोर नियम विसरली नव्हती.

कमळाकर म्हणाला, "बाहेरचं काय कळत नाय म्हणून पाठवीत नव्हतो. आता तर सगळंच कळतं. आता कशी पाठवू?" या बोलण्यात काही वाकडं आहे असं कान्हूला वाटलं नाही. त्यानं चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाला.

सोमवार आला नि गेला. त्या दिवशी शकूनं दिपिकाला न्हाणीघराच्या दाराशी गाठलं. "मी सांगते त्यांना. आज सांगते."

"काय सांगशील?" दिपिकानं विचारलं. आवाज गाडीतल्या काकांना सुनावताना होता तोच, फक्त हळू. शकू सांगणार होती. मंगळवारीही सांगणार होती.

कमळाकर कायदा पाळणारा माणूस. दिपिकाला जानेवारीत अठरा पूर्ण झाली आणि फेब्रुवारीत लग्न लागलं. स्थळ पेणचं, मूर्तींचा कारखाना, कान्हूनंच बघितलेलं. "तिला पेण आवडतं," तो पंगतीत चारदा म्हणाला आणि चारही वेळा लोक हसले.

पाठवणीच्या वेळी बायका मांडवाच्या दाराशी दाटीनं उभ्या राहिल्या. इथे लेक आईच्या गळ्यात पडून रडते आणि तिला ओढून न्यावं लागतं. जितकं ओढावं लागेल तितकी माया, असा हिशेब. शकू पदर हातात धरून पुढे झाली.

दिपिका चालत आली. आत्याच्या पाया पडली, मास्तरीणबाईंच्या पाया पडली, बापाच्या पाया पडली. शकूजवळून जाताना पदराला पदर लागला. ती थांबली नाही. जीपमध्ये चढली, शेजारी सरकून बसलेल्या नवऱ्याच्या मामाला म्हणाली, "मामा, तिकडं जरा सरका." मामा सरकले.

"धीराची पोर गो शकू," आत्या म्हणाली. "टिपूस नाय काढलं. चांगली शिकवलीस."

जीपच्या मागच्या काचेतून हिरवा शालू दिसत होता. मान वळली नाही. शकू मांडवातच उभी राहिली. बायका पांगल्या, आचारी भांडी विसळायला बसले, कुणी तरी बाकडं आणून दिलं. ती शेजारी थोडी जागा ठेवून बसली.

तासाभरानं कान्हू म्हणाला, "आता वडखळ आलं असंल."

"आलं असंल," शकू म्हणाली.