फाटकापलीकडची वायर

लालासाहेब महिन्याच्या गोळ्या न्यायला आले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांचा साखरेचा आजार जुना आणि दुकानाशी संबंधही जुना. गुणमालानं काही न विचारता फळीवरची पट्टी काढली आणि तिचा हात तिथंच थांबला. पट्टीच्या चार गोळ्या कापलेल्या होत्या.

"काय झालं वहिनी? संपल्यात व्हय?"

"न्हाई, हायत की."

तिनं दुसरी पट्टी त्यांच्या हातात दिली. ते गेल्यावर ती स्टुलावर चढली आणि शेजारच्या खोक्यातली पित्ताच्या गोळ्यांची पट्टी काढून उजेडात धरली. ती अख्खी होती. एकही गोळी कापलेली नव्हती.

दुपारी एक बाई आली होती. लेकीच्या अंगावर पित्त उठलंय, गांधीच गांधी आल्यात, पोरगी खाजवून खाजवून रडतीया, म्हणाली. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. गुणमालानं चार गोळ्या कापून पुडीत बांधून दिल्या होत्या. दोन्ही पट्ट्या चंदेरी, अक्षरं हिरवी, गोळ्या बारीक पांढऱ्या. आणि पुडी देताना ती आपणहून म्हणाली होती, "आज रात्री जेवण झालं की एक द्या. गुंगी येती ह्या गोळीनं. झोपली तर झोपू द्या, उठवू नका."

गुणमाला स्टुलावरून उतरली नाही, तिथंच बसली.

विश्रामबागेतलं हे औषधाचं दुकान तिच्या नवऱ्याचं, नेमिनाथचं. भिंतीवरच्या चौकटीतलं सर्टिफिकेट त्याचं, लायसन त्याच्या नावावर. ती फक्त तो जेवायला किंवा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेला की गल्ल्यावर बसायची. पर्युषण चालू होतं, त्यामुळं या दिवसांत तो दुपारी प्रवचनाला जायचा. वीस वर्षांत तिच्या हातून कधी चूक झाली नव्हती.

नेमिनाथ बस्तीतून परत आला तेव्हा तिनं दोन्ही पट्ट्या त्याच्यापुढं ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं दोन्ही पट्ट्या उजेडात धरून वाचल्या.

"पोरगी केवढी?"

"आठ वर्सांची, म्हणाली."

"कुठली बाई?"

"ठावं न्हाई. पहिल्यांदाच आल्ती."

तो काउंटरला धरून उभा राहिला. "मोठ्या माणसाची साखर उतरवायची गोळी हाय ही. एवढ्याशा लेकराला दिली तर घाम फुटंल, पोर निपचित पडंल. आन् आईला वाटंल, गोळीनं झोप लागली."

"मीच सांगितलंय तिला, उठवू नका म्हणून."

रस्त्यावर सायकली, लुना, कारखान्यातून सुटलेली माणसं वाहत होती. त्यांची दोघांची जेवणं दिवस मावळायच्या आत झाली होती. बाकीच्या घरांत आता चुली, स्टोव्ह पेटत होते. ताटं वाढायला अजून थोडा अवकाश होता, तेवढाच काय तो वेळ हातात होता.

"रिक्षाला भोंगा बांधून फिरवू या," नेमिनाथ म्हणाला.

"कुठल्या गल्लीत फिरवणार? सांगलीत का मिरजेत?" गुणमालानं पायांत चपला सरकवल्या. "कपिलकडं चला. त्याचं चॅनल सगळी बघत्यात."

कपिल पलीकडच्या चौकात शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीतून केबल चालवायचा. आयटीआय करून त्यानं कर्ज काढून डिश बसवली होती, आणि विश्रामबागेपासून कुपवाडपर्यंत खांबांवरून, झाडांवरून, गच्च्यांवरून वायर ओढली होती. बाहेरच्या चॅनलांबरोबर त्याचं स्वतःचं एक लोकल चॅनल होतं. त्यावर सकाळी भजनं, मधून मधून साड्यांच्या दुकानाच्या जाहिराती, पोरांचे वाढदिवस, मंडळांचे कार्यक्रम आणि रोज संध्याकाळी एक पिक्चर. त्या वेळी रस्ते निम्मे रिकामे व्हायचे.

दोघं जिना चढून वर आली तेव्हा पिक्चरमध्ये मारामारी चालली होती. खोलीत दोन व्हीसीआर, कॅसेटींची चळत, कोपऱ्यात तिकाटण्यावर कॅमेरा. कपिलनं सगळं ऐकून घेतलं.

"चालू पिक्चर थांबवतो. पण अण्णा, दुकानाचं नाव सांगायला लागंल."

"अक्षरांची पट्टी फिरव की खालनं. 'आज दुपारी पित्ताच्या गोळ्या नेल्या असतील त्यांनी देऊ नयेत.' एवढं बास."

"दर दुकानात पित्ताच्या गोळ्या मिळत्यात. कोण आपली पुडी सोडून बघणार? आन् वाचाय येत नसलं तर?"

नेमिनाथनं कपाळावरचा घाम पुसला. त्याचा आवाज खाली आला. "कपिल, हिला औषध द्यायचा अधिकार न्हाई. उद्या सगळ्या सांगलीला कळंल. लायसन जाईल माझं. वडलांपासनंचं दुकान हाय."

टीव्हीतल्या मारामारीचा धाडधाड आवाज तेवढा येत राहिला.

"मग कॅमेऱ्यापुढं मीच बसतो," नेमिनाथ एकदम म्हणाला. "मी दिली म्हणून सांगतो. माझ्याकडनं चूक झाली, एवढंच."

"ती बाई तुमाला वळखती का?" गुणमाला म्हणाली. "तिनं माझं तोंड बघितलंय. ते दिसलं तरच तिच्या ध्यानात येईल. आवं, नुसतं ऐकून कोण उठतंय पिक्चर बघताना?"

तिनं पदर सारखा केला आणि कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. नेमिनाथनं मान फिरवली. नको म्हणाला नाही.

कपिलनं पिक्चर बंद केला. बाजूच्या टीव्हीवर गुणमालाला स्वतःचाच चेहरा दिसला, थकलेला, घामेजलेला. तिनं तिकडं बघायचं टाळलं.

"मी विश्रामबागेतल्या नेमिनाथ मेडिकलमधनं बोलतीया. दुपारी एक ताई लेकीसाठी पित्ताच्या गोळ्या घिऊन गेली. चार गोळ्या. ताई, मी चुकून दुसऱ्याच गोळ्या दिल्या. लेकीला देऊ नका. दिली असली तर तिला झोपू देऊ नका. साखरपाणी पाजा आन् ताबडतोब दवाखान्यात न्या. हितं फोन करा." कपिलनं खुणेनं सांगितलेला नंबर तिनं म्हटला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

फोन वाजला. तिघंही दचकली.

"पिक्चर का बंद केला रं?" पलीकडून कुणीतरी खेकसलं. कपिलनं फोन आपटला. पुन्हा वाजला. एका म्हातारीला तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची शंका होती. मग एक माणूस, परवा नेलेल्या खोकल्याच्या बाटलीबद्दल. मग पुन्हा एक शिवी. त्या बाईचा फोन काही आला नाही.

"काकी, आणखी काय आठवतंय? बोलली कशी? लुगडं कसलं?" कपिलनं विचारलं.

गुणमालानं डोळे मिटले. "केस पांढरे दिसत होते. तवा वाटलं, एवढ्या तरण्या बाईचे केस... पांढरे न्हवते. कापूस होता. केसांत कापसाचं तूस अडकलं होतं."

"सूतगिरणी," कपिल म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

"काय झालं?"

"गिरणीची सगळी वस्ती रेल्वे फाटकापलीकडं हाय. तिकडची वायर मी आज सकाळीच तोडलीया."

फाटकापलीकडची माणसं त्याच्या वायरीला टाचण्या टोचून फुकट कनेक्शन घ्यायची. त्यापायी चित्र सगळ्यांचंच मुंग्या मुंग्या यायचं. सकाळी त्याचं तिथल्या चहावाल्या बिराप्पाशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि रागाच्या भरात त्यानं फाटकाजवळच्या खांबावरून त्या बाजूची सगळी लाइनच कापून टाकली होती. गुणमाला इतका वेळ बोलत होती, ते पलीकडच्या एकाही घरात दिसत नव्हतं.

कपिलनं पक्कड, चिकटपट्टी आणि बॅटरी उचलली. "अण्णा, चला. काकी, तुमी बोलत ऱ्हावा. थांबू नका. वायर जोडल्या जोडल्या तुमचं तोंड दिसलं पायजे."

दोघे कपिलच्या एम-एटी गाडीवरून सुटले आणि फाटकाशी येऊन अडकले. फाटक पडलेलं होतं. लांबलचक मालगाडी रखडत चालली होती. नेमिनाथ ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र म्हणत होता. शेवटचा डबा गेल्यावर कपिलनं फाटक पुरतं वर जायचीही वाट बघितली नाही, खालून गाडी काढली.

बिराप्पाच्या चहाच्या गाड्यामागची शिडी त्यानं उचलून खांबाला लावली, तोच चार-पाच जण धावून आले.

"पुन्हा आला ह्यो! आता खांबच काढून नेतो का?" बिराप्पानं शिडी धरून हिसडली. कपिल दुसऱ्या पायरीवर होता. तो कसाबसा खांबाला लटकला.

"बिरापा, वायर जोडाय आलोय रं!"

"सकाळी माझ्या आईवरनं बोललास, आन् आता जोडाय आलास?"

कुणीतरी कपिलची पँट धरून खाली ओढलं. नेमिनाथ आयुष्यात कुणाशी मोठ्यानं बोलला नव्हता. तो मध्ये शिरला, त्यानं हात जोडले.

"ऐका माझं. माझ्या दुकानातनं एका लेकराला चुकीची गोळी गेलीया. माझ्या बायकोनं दिली. तुमच्याच वस्तीतलं लेकरू हाय. टीव्हीवर सांगतोय, पण हितं दिसंना. तासाभरात पोर हातची जाईल."

"कुणाचं लेकरू?" बिराप्पानं विचारलं.

"तेच ठावं न्हाई."

बिराप्पानं कपिलची पँट धरणाऱ्याला ढकलून दिलं, शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ओरडला, "चढ की गड्या, बघतोस काय!"

कपिलनं वायरीचं रबर दातांनी सोललं. खालून कुणी बॅटरीचा उजेड धरला होता, तो हलत होता. "नीट धरा!" तो ओरडला. तांब्याची तार तारेला पिळली, वरून पट्टी गुंडाळली. बिराप्पाच्या गाड्यावरच्या छोट्या टीव्हीत आधी नुसतं खरखरलं. मग मुंग्यांमधून गुणमालाचा चेहरा वर आला.

तिकडं खोलीत तिचा घसा बसला होता. कुणी बघतंय की नाही, तिला काहीच कळत नव्हतं. समोर कॅमेऱ्याची काळी काच, बाजूला स्वतःचंच तोंड. शब्द तेच तेच येत होते आणि आता त्यांचा अर्थही तिला लागेनासा झाला होता. घराघरांत ताटं वाढून झाली असतील, हे तिला ठाऊक होतं. तरी ती बोलत राहिली. "ताई, लेकीला झोपू देऊ नका."

फोन वाजला.

तिनं खुर्चीतूनच तो ओढून घेतला. एसटीडी बूथवरचा आवाज आला, "थांबा, देतो," आणि मग बाईचा, धापा टाकणारा. "मी अंजना बोलतीया. दुपारी मीच न्हेल्या गोळ्या. मगाशीच एक दिली ओ! पिंकी झोपलीया."

"उठवा तिला! आत्ता उठवा!"

"शेजारीण हलवतीया, पर नीट उठंना. अंग गार लागतंय, घाम आलाय."

"साखर पाण्यात कालवा. गिळत असली तरच पाजा, न्हाईतर हिरडीला चोळा. कुठं ऱ्हाता?"

"गिरणीच्या मागं, मारुतीच्या देवळाजवळची चाळ."

गुणमालानं फोन कानाला तसाच धरून कॅमेऱ्याकडं बघितलं. "कपिल, गिरणीमागं, मारुतीच्या देवळाजवळची चाळ. अंजनाबाईची पिंकी. पळ बाबा!"

गाड्याभोवती जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. कपिल गाडीला लाथ मारत होता तोवर बिराप्पाचे लोक पुढं पळाले. तो चाळीत पोचला तेव्हा कुणीतरी पिंकीला ब्लँकेटात गुंडाळून दारात आणलंच होतं. अंजना तिला पोटाशी धरून मागं बसली आणि वाटभर तिचं नाव घेऊन हाका मारत राहिली.

सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. गुणमाला पोचली तेव्हा नेमिनाथ रिक्षानं आधीच आला होता. डॉक्टर विचारत होते, "गोळी कुणी दिली?"

"मी," नेमिनाथ म्हणाला. "दुकान माझं हाय. मी दिली."

"न्हाई," गुणमाला दारातून म्हणाली. तिचा आवाज फुटत नव्हता. "मी दिली, डॉक्टर. हे दुकानात न्हवते."

नेमिनाथनं तिच्याकडं रागानं बघितलं. मग त्याचा राग उतरला आणि त्यानं पट्टी खिशातून काढून डॉक्टरांच्या हातात ठेवली.

रात्रभर साखर चढत उतरत राहिली. उजाडता उजाडता पिंकीनं डोळे उघडले आणि अंग खाजतंय म्हणून कुरकुरली. अंजना तेव्हा पहिल्यांदा रडली. पोरीच्या दंडावर लाल गांधी तशाच होत्या.

गुणमाला भिंतीशी उभी होती. अंजना तिच्याजवळ आली. "तुमी बोलला नसता तर मी हिला उठवली नसती," ती म्हणाली. "पर गोळी तुमीच दिली. मला तुमचं पाय धरू वाटंना आन् तुमाला मारूबी वाटंना."

"काय करू नका," गुणमाला म्हणाली. "पोरीजवळ बसा."

त्याच आठवड्यात तपासणीस आले. सहा महिने दुकान बंद राहिलं. नेमिनाथ मिरजेत एका घाऊक व्यापाऱ्याकडं कामाला जायला लागला, सकाळी डबा घेऊन, संध्याकाळी उन्हं कलायच्या आत परत. पहिले काही दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. एकदा जेवताना म्हणाला, "मी नाव न सांगता भागवाय बघत होतो." तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "पर दवाखान्यात दोष सोतावर घेतला की तुमी."

शेजारपाजारचे म्हणायचे, गुणमालाला काय गरज होती टीव्हीवर जायची. एका सकाळी ती फाटक ओलांडून गिरणीमागच्या चाळीत गेली. पिंकी शाळेला निघाली होती, वेणीला लाल रिबीन. अंजना उंबऱ्यात थांबली. मग आत वळून म्हणाली, "चहा टाकलाय."

गुणमालानं चपला दाराबाहेर काढल्या.