हिरवळीखालची हुमणी

पक्षाघातातून उठलेला क्लिफ हॅस्केट घरामागच्या हिरवळीवर पुन्हा चालायला शिकत होता. "फरशीवर पडलो तर हाड मोडेल, गवतावर पडलो तर नुसती अब्रू जाईल," म्हणायचा. त्याची बायको थेल्मा मागे हात पसरून चालायची. पीटरबरोत शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. तिचा आवाज अजून बसमधलाच होता.

सप्टेंबरातल्या एका सकाळी क्लिफच्या पायाखालचं गवत सतरंजीसारखं सरकलं आणि तो कुशीवर आदळला. त्याला खुर्चीत बसवून थेल्मानं ते गवत ओढलं, तर अख्खा तुकडाच हातात आला. मुळं नव्हतीच. खाली पांढऱ्या, वळून बसलेल्या अळ्या. हुमणी! दुसऱ्या दिवशी पाहते तर त्या अळ्यांसाठी स्कंक या मांजराएवढ्या रानप्राण्यांनी रात्रीतून अर्धी हिरवळ उकरून ठेवलेली.

"नांगर फिरवलास की काय गं?" शेजारच्या गॉर्डननं कुंपणावरून विचारलं. "खणून टाक सगळं नि खडी पसर माझ्यासारखी."

"खडीवर आधी तू पडून दाखव, मग पसरते."

क्लिफ मात्र हळूच म्हणाला, "जाऊ दे थेल्मा. घरातच चालत जाईन."

"घरात तू खुर्चीतून उठून टीव्हीपर्यंत जाशील नि परत येशील. ओळखते मी तुला. हिरवळ सोडायची नाही."

लॉनवर मारायचं जालीम औषध त्या प्रांतात विकायला बंदी. रोपवाटिकेतल्या बाईनं सूत्रकृमी दिले, डोळ्यांना न दिसणारे जंत. अळीत शिरून तिला मारतात, पण ऊन लागलं किंवा माती सुकली की स्वतःच मरतात. थेल्मानं आधी जमीन भिजवली आणि सूर्य कलल्यावर झारीनं सूत्रकृमी मिसळलेलं पाणी इंच न् इंच शिंपडलं.

नेमकं त्यानंतर ऊन तापलं. माती ओली ठेवायचं काम क्लिफनं मागून घेतलं. खुर्चीत बसून तो पाण्याची नळी धरी, तीही हट्टानं लुळ्या उजव्या हातात. एकदा नळी निसटली आणि कुंपणापलीकडचा गॉर्डन चिंब झाला.

"मुद्दाम केलंस!"

"हात ऐकत नाही रे माझा," क्लिफ म्हणाला आणि आजारपणानंतर पहिल्यांदा खदखदून हसला.

महिनाअखेरीला थेल्मानं माती उकरली. बऱ्याच अळ्या तपकिरी, लिबलिबीत होऊन मेल्या होत्या. काही जिवंतही होत्या. तिनं नवं बी पेरलं, वर तारेची जाळी अंथरून खुंट्या ठोकल्या. स्कंक येऊन जाळी ओरबाडून गेले, तिनं खुंट्या पुन्हा ठोकल्या. मग बर्फ पडला.

मे महिन्यात गवत आलं, ठिगळं लावल्यासारखं. मेपलच्या झाडाखालचा कोपरा टकलाच राहिला; तिथं ऑगस्टात पुन्हा सूत्रकृमी टाकायचे, असं थेल्मानं ठरवून टाकलं. क्लिफनं काठी टेकत एकट्यानं कुंपण गाठलं. गॉर्डननं हात पुढे केला.

"हात नको," क्लिफ धापा टाकत म्हणाला. "मला वळून परत जायचंय."

आणि तो वळला.