चालेल म्हणायचं नाही

'चालेल' हा शब्द माझ्या तोंडात इतका बसलाय की नवरा लोकांना सांगत असतो, हिला लग्नाचं विचारलं तेव्हाही ही 'चालेल' एवढंच म्हणाली आणि मी बापडा तो होकार समजून बसलो.

मी नोकरीभर कृत्रिम पाय बनवले. निवृत्त झाले आणि शेजारच्या देशातल्या एका सेवाभावी संस्थेचं बोलावणं आलं. आमच्या कार्यशाळेत काही महिने या, हाताखाली माणसं तयार करा, राहायला खोली देऊ, पगार मात्र नाही. नवरा म्हणाला, "म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, त्याही व्हिसा काढून." जाऊबाईंनी निघताना हातात लिपस्टिक ठेवली. "परदेशात जाताय, जरा माणसांत आल्यासारख्या दिसा." मी ती पर्सच्या तळाशी टाकली आणि विसरून गेले.

त्या शहरात सगळ्यांनाच एकाच वेळी रस्त्याच्या पलीकडे जायचं असायचं. पहिल्या दिवशी रस्ता ओलांडायला मी एका म्हाताऱ्या गृहस्थांची बाही धरली, तर तेच माझ्या आधाराने ओलांडायला थांबलेले निघाले. संस्थेची कार्यशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. पाय नसलेल्यांसाठी दुसरा मजला शोधणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. खाली छापखाना, आणि लिफ्ट लहर लागली तरच हलणारी. पण भट्टी चांगली होती, अवजारं जागच्या जागी होती आणि मास्तर कामाला वाघ होता.

मास्तर म्हणजे तिथला मुख्य कारागीर. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, तरी मला त्यांच्या भाषेत मावशी म्हणायचा. मला त्यांची भाषा मोडकी यायची, त्याला माझी त्याहून मोडकी. माझं एक 'चालेल' मात्र त्याने लगेच उचललं. पायाचा भाग तपासून मी 'चालेल' म्हटलं की तो पास, एवढं त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. मला त्याचं कौतुकच वाटत होतं.

टपालताई आमच्याकडे आली ती कुबड्यांवर. ती पोस्टात टपाल वाटायची. बसखाली आल्याने डावा पाय गुडघ्याच्या खालून गेला होता. पोस्टाने तिला बसून टपाल निवडायचं काम दिलं होतं, पगार तोच. पण तिचा जुना भाग, डोंगरउताराची गल्लीबोळं आणि जिन्यांच्या इमारती, दुसऱ्याला कायमचा देऊन टाकायचं चाललं होतं. तिने भांडून एक संधी मिळवली होती. पुढच्या महिन्याच्या शेवटी पोस्टमास्तर आणि खात्याचे डॉक्टर यांच्यासमोर ती पूर्ण भाग चालून टपाल वाटेल. जमलं तर भाग तिचा. नाही जमलं तर टेबल, निवृत्तीपर्यंत.

"बसून तोच पगार मिळतोय तर बिघडलं कुठे?" मी विचारलं. माझा स्वभाव असा आहे, बोलून टाकते.

"मावशी, मी दार वाजवलं की माणसं दार उघडतात," ती म्हणाली. "टेबलावर नुसती पाकिटं असतात."

मी साच्यासाठी प्लास्टर भिजवायला घेतलं.

घोटाळा झाला तो चहामुळे. पायाचा जो कप्पा उरलेल्या पायावर बसतो, त्याला आम्ही सॉकेट म्हणतो. सगळी गंमत त्यातच असते. टपालताईचं सॉकेट मास्तरने तयार केलं, तिला घालून पाहिलं आणि काढून माझ्यासमोर धरलं. मी दुसऱ्याच एका गुडघ्यात डोकं घालून बसले होते. मागून चहावालीने विचारलं, चहा ठेवू का? मी म्हटलं, "चालेल."

मास्तरने पाय पूर्ण केला. टपालताई तो घालून घरी गेली आणि हौसेने सुट्टीचा सगळा दिवस घरभर फिरली. परत आली तेव्हा तिच्या नडगीच्या टोकाची कातडी सोलवटून निघाली होती. तिने मोजा काढला आणि माझं डोकं फिरलं.

"हे सॉकेट पास कोणी केलं?" मी मास्तरवर ओरडले. खालचा छापखाना थांबला असावा, इतक्या जोरात.

"तुम्ही," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, चालेल."

"कधी म्हणाले मी?"

"मी समोर धरलं तेव्हा. चहा आला त्याच्या आधी."

माझा चढलेला पारा खाडकन उतरला. मी खुर्चीत बसले. मास्तरला सगळं समजावून सांगताना मला रडू यायला लागलं होतं. परीक्षा तोंडावर आलेली आणि आता जखम भरेपर्यंत पाय घालायचाच नाही. एका कप चहापायी मी त्या बाईचा भाग घालवला होता.

टपालताई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "या शब्दाचा नक्की अर्थ काय?"

मी सांगितलं. एखादी गोष्ट पत्करली तर चालेल. यंत्र सुरू राहील, तरी चालेल. दुकानाला गिऱ्हाईक मिळेल, नाणं खरं ठरेल, तेही चालेल. आणि माणूस पायाने चालणार असेल, तरी चालेलच.

"एवढे सगळे अर्थ एकाच घरात राहतात?" ती म्हणाली. "मग तुमच्याकडे टपाल पोचतं तरी कसं?"

मास्तर आधी हसला, मग मीही. डोळे पुसत हसले. तेव्हा तिने बोट रोखून फर्मान काढलं. "मी माझा पूर्ण भाग चालून येईपर्यंत या खोलीत हा शब्द बंद."

मराठी माणसाचं 'चालेल' काढून घेणं काय असतं ते मी त्या दिवसांत भोगलं. चहा विचारला की मी 'हो, द्या' म्हणायचे आणि आपण फारच हावरट झालो असं वाटायचं. एकदा अर्धा शब्द तोंडातून निसटला, तर मास्तरने कानस टेबलावर आपटली.

तिची जखम सुकल्यावर आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. नवा साचा घेतला. हाडाच्या टोकावर किती जागा सोडायची यावरून माझं आणि मास्तरचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणायचा जास्त, मी म्हणायचे कमी. शेवटी मला पर्सच्या तळाची लिपस्टिक आठवली. टपालताईच्या नडगीवर मी ती फासली, सॉकेट चढवलं, तिला उभं केलं, काढलं. आतला लाल डाग पाहिला की कुठे टोचतंय ते लख्ख कळतं. डाग मास्तरच्या बाजूने निघाला. मी हार मानली आणि जाऊबाईंची लिपस्टिक पहिल्यांदा माणसांत आली.

मग जिने सुरू झाले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा पाय आधी. छापखान्यातले कामगार येता-जाता तिला वाट करून देत. दुसऱ्या मजल्याचा मला पहिल्यांदा उपयोग वाटला.

माझं परतीचं तिकीट परीक्षेच्या आधीचं होतं. घाबरत नवऱ्याला फोन केला, मुक्काम वाढवू का म्हणून. तो म्हणाला, "चालेल." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. मला एकदम घरची आठवण आली.

परीक्षेच्या दिवशी टपालताई खांद्याला पिशवी लावून पुढे, मागे पोस्टमास्तर आणि डॉक्टर, आणि त्यांच्या मागे बोलावणं नसलेले आम्ही दोघं. हातगाड्या, हॉर्न, नळावरची गर्दी, पाणी सांडलेल्या पायऱ्या. ती कोणाचा हात न धरता त्यातून वाट काढत होती. दारं उघडत होती. एका आजीने पाकीट घेतलंच नाही, आधी तिचा हात धरला. "कुठे होतीस गं इतके दिवस? तो नवा माणूस सगळं टपाल जिन्याखाली टाकून पळतो." पोस्टमास्तर उगाच आकाशाकडे बघायला लागले.

शेवटच्या इमारतीत निम्मा जिना चढल्यावर ती थांबली आणि पायरीवर बसली. मास्तरने माझा दंड घट्ट धरला.

"दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं. ते स्वतःच धापा टाकत होते.

"नाही. सैल झालाय," ती म्हणाली. चालून चालून उरलेला पाय किंचित आक्रसतो, मग सॉकेट ढिलं पडतं. हे आम्ही तिला शिकवलं होतं. तिने पत्रांच्या पिशवीतून एक जाड मोजा काढला, पायावर चढवला, पाय परत घातला, उभी राहून एकदा आपटून पाहिला आणि वर निघाली. डॉक्टरांनी मधल्या मजल्यावर बैठक मारली. "तुम्ही जा पुढे," ते म्हणाले, "मी बघतोय इथून."

वरच्या मजल्यावरचं शेवटचं दार तिने वाजवलं. दार उघडलं. तिने पाकीट दिलं, सही घेतली आणि पिशवी उलटी करून पोस्टमास्तरांना दाखवली. रिकामी.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. इतके पाय केले आयुष्यात, पण त्यातल्या एकाच्या मागे असं कधी चालले नव्हते.

पोस्टमास्तरांनी घाम पुसला. "मग उद्यापासून भाग तुझा," ते म्हणाले. "जमेल ना?"

टपालताईने त्यांना उत्तर दिलं नाही. कठड्यावरून वाकून तिने चार पायऱ्या खाली मास्तरशेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या त्या वेड्यावाकड्या उच्चारात, अगदी सावकाश म्हणाली, "चालेल."

"काय म्हणाली ती?" पोस्टमास्तरांनी मास्तरला विचारलं. मास्तरने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, यातला कुठला अर्थ सांगू?"

"सगळेच सांग," मी म्हटलं.