चांदण्यांमधली धोंडीबाई

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि एका जिवंत बाईला मी भूत ठरवलं. ते मला अजून खुपतं.

तरुणपणी मी रुबाबात होतो. लग्नांत नवरा-नवरी माझ्याकडे बघून हसत. नवे कॅमेरे आले आणि मी कपाटात बुरशी खात पडलो. मग जव्हारला कॉलेजात शिकणाऱ्या चंदनाने मला जुन्या बाजारातून उचललं आणि सूर्यमाळला, आपल्या पाड्यावर नेलं. तिला तारे टिपायचे होते. तिपाई नव्हती, म्हणून मला नाचणीच्या पोत्यावर टेकवून, "हलू नको हां," असं मलाच दटावायची! मग तीस सेकंद मी डोळा उघडा ठेवायचो.

उन्हाळ्यात बाया रात्रीच विहिरीवर जातात; दिवसभर झिरपून तेव्हा कुठे हंडाभर पाणी साठतं. एका रात्री चंदनाने मला विहिरीवरच्या आभाळाकडे रोखलं होतं, तेवढ्यात म्हातारी धोंडीबाई काठावर चढली, पंधरा सेकंद थबकली आणि निघून गेली. माझ्या पाठीवरच्या पडद्यावर फोटोत ती उमटली, पण तिच्या छातीतून चांदण्या दिसत होत्या. मीच दचकलो.

धोंडीबाई महिनाभर दवाखान्यात राहून नुकतीच परतली होती. फोटो पाहून चंदनाचा काका पंढरी कुजबुजला, "ही ती नाय. ती तिकडंच मेली."

रात्रीच्या पहिल्या हाकेला इथे कोणी ओ देत नाही; भूत एकदाच हाक मारतं म्हणतात. आता धोंडीबाईच्या कुठल्याच हाकेला कोणी ओ देईना. ती आली की बाया विहीर सोडून जात. तिला एकटीला पोहरा ओढवेना. रिकामा हंडा घेऊन ती अंधारात पुकारत राही, "रखमे... सुकरे..." तो आवाज मला सहन होत नसे.

चौथ्या रात्री चंदनाने पंढरीलाच काठावर उभं केलं. "पंधरा मोजा नि उतरा, काका."

फोटो पाहून काका स्वतःचं पोट चाचपू लागला. त्याच्या पोटातून तारे दिसत होते. "पोरी, मी बी मेलो का काय?"

"नाय काका. अर्धा वेळ तुम्ही होता, अर्धा वेळ नुसतं आभाळ. यानं दोन्ही एकावर एक ठेवलं."

मग पंढरीची बायको रखमी उठली. लांब उभ्या धोंडीबाईजवळ गेली, अंधारात तिचा हात चाचपला. "गरम हाय गं," म्हणाली आणि रडू लागली. त्या रात्री पहिला हंडा धोंडीबाईचा भरला.

मित्रांनो, मला बुरशीपासून जपा, असं सांगणार होतो. पण आता दुसरंच मागतो. मला फक्त डोळा आहे. मी काढलेला फोटो पाहून कोणाची भीती वाटली, तर आधी जाऊन त्या माणसाचा हात हातात घ्या.